स्वयंपाकघरातून दिसणारा पिक्चर

"हाई सगळं ऱ्हाऊ द्या," हेमकांत दुकानदाराला मध्येच तोडत म्हणाला. "माले येकच सांगा. सैपाकघरमातीन दिसी का?"

नंदुरबारच्या त्या दुकानातला तरुण मालक बऱ्याच वेळापासून प्रोजेक्टरचे गुण गात होता. उजेड किती, रंग किती, आवाज कसा, इंटरनेट कसं जोडायचं. एवढं सांगून झाल्यावर गिऱ्हाइकाने हा प्रश्न विचारावा, हे त्याला जरा लागलंच.

"काका, सैपाकघरात लावायचाय का?"

"नही. लावाना शे बैठकमा. पन सैपाकघरमातीन दिसाले पाहिजे. पुरं दिसाले पाहिजे."

"अहो, भिंतभर चित्र पडतं याचं! सैपाकघर काय, शेजारच्या घरातून दिसेल."

"मंग बांधी द्या," हेमकांत म्हणाला.

लोक साधा मिक्सर घेताना चार दुकानं फिरतात. हेमकांतने घरातलं थिएटर एका प्रश्नावर घेतलं. त्याचा स्वभावच तसा. शहादा ते धडगाव ही एसटी त्याने जन्मभर चालवली. सातपुड्याच्या घाटात ड्रायव्हरला एका वेळी एकच वळण बघायचं असतं, पुढच्याचं पुढे. ती सवय घरी आल्यावरही सुटली नव्हती. एक गोष्ट डोक्यात शिरली की दुसरीला जागाच उरायची नाही.

सध्या डोक्यात शिरलेली गोष्ट म्हणजे त्याची बायको, कमलबाई. लग्न होऊन मुलगी संसाराला लागली, त्यानंतर बायको डोक्यात शिरली, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण नोकरीत असताना माणूस घरी असतो कुठे? पहाटेची गाडी धरायची, रात्री घरी येऊन ताटावर बसायचं आणि झोपायचं. निवृत्त झाल्यावर हेमकांत पहिल्यांदा लोणखेड्याच्या स्वतःच्या घरात दिवसभर राहू लागला. पहिले काही दिवस बैठकीत वडिलांसोबत, दोधूआप्पांसोबत, टीव्ही बघत काढले. मग कंटाळा आला म्हणून एका संध्याकाळी तो चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरात पाटावर जाऊन बसला.

कमलबाई भाकरी थापत होत्या. बैठकीत मालिका चालू होती. एकाएकी त्या खुदकन हसल्या. मान वर न करता, भाकरीकडेच बघत.

"काय व्हयनं?" हेमकांतने विचारलं.

"ती सासू. कशी जिरनी तिन्ही!"

हेमकांतने टीव्हीकडे पाहिलं. म्हणजे पाहायला गेला. चुलीजवळून टीव्हीचा डावा अर्धा भाग तेवढा दिसत होता. उजवा अर्धा भाग मधल्या कमानीच्या कडेने आणि खुंटीवर टांगलेल्या आप्पांच्या कोटाने खाल्ला होता.

"कोनती सासू? माले तं सूनच दिसी ऱ्हायनी."

"ती उजवीकडे बठस कायम," कमलबाई म्हणाल्या. "मी बी तिले अजून दखेल नही. आवाजवरतीन वळखस."

त्या हे तक्रार म्हणून बोलल्या नव्हत्या. तव्यावरची भाकरी उलटावी इतक्या सहज बोलल्या. पण हेमकांतने हातातला कप खाली ठेवला. वर्षानुवर्षं चाललेली मालिका आणि तिच्यातल्या सासूचं तोंड या बाईने पाहिलेलं नाही! त्या रात्री त्याला नीट झोप लागली नाही.

आता कोणी म्हणेल, चार पावलं पुढे येऊन बैठकीत बसायला काय झालं होतं? झालं काही नव्हतं. बैठकीत दोधूआप्पा बसायचे, एवढंच. सासऱ्यासमोर सुनेने बसायचं नाही, सासऱ्याशी बोलायचं नाही, ही त्या घराची जुनी रीत. आप्पा काही जमदग्नी नव्हते. उलट फार सांभाळून असायचे. आत यायचं तर आधी खाकरायचे. कमलबाई पदर पुढे ओढून बाजूला व्हायच्या. चहा हवा असला तर आप्पा भिंतीला विचारायचे, "चहा व्हई का?" आणि थोड्या वेळाने उंबऱ्यावर कप ठेवल्याचा आणि बांगड्यांचा आवाज यायचा. मुलगी चेतना लहान होती तेव्हा निरोप तिच्या तोंडून जायचे. ती लग्न होऊन सुरतेला गेल्यावर भिंतीवरच सगळी भिस्त होती. आप्पांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा सुनेने डोळ्यांत औषध कसं घालायचं, म्हणून हेमकांतला रजा काढून घरी बसावं लागलं होतं. साहेबाने कारण विचारलं तेव्हा त्याने ताप आल्याचं सांगितलं.

कमलबाईंना पिक्चरचं वेड होतं. त्यांचं माहेर नंदुरबारचं, थिएटरच्या मागच्याच गल्लीतलं. लहानपणी त्या पिक्चर सुरू होताना पडद्यावर येणारी सगळी नावं मोठ्याने वाचायच्या. गाणी लिहिणाऱ्याचं, कपडे शिवणाऱ्याचं, अगदी शेवटी येणारं स्वयंपाक्याचंसुद्धा. मागचे लोक ओरडायचे तरी थांबायच्या नाहीत. लग्नाच्या सुरुवातीला कधीतरी त्यांनी हे हेमकांतला सांगितलं होतं. तो तेव्हा हसला होता आणि विसरून गेला होता. आता एकदम आठवलं.

त्याने उपाय काढायला सुरुवात केली. म्हणाला, "चाल, नंदुरबारले पिक्चर दखाले जाऊत." कमलबाई म्हणाल्या, "आप्पाले येकटं सोडीसन?" म्हणाला, "मोबाइलवर दख." त्या म्हणाल्या, "त्यामा मानसे मुंग्यायेवढी दिसतस." मग म्हणाला, "सैपाकघरमा दुसरा टीव्ही लेऊत." यावर मात्र कमलबाईंनी लाटणं खाली ठेवलं.

"येक घरमा दोन टीव्ही? लोके म्हनतीन, चूल वेगळी करी लिनी. आप्पाना जीवले काय वाटी?"

"मंग पुढे ये ना. बैठकमा बठ. आप्पा काहीज म्हनावत नहीत."

"नहीत म्हनावत. म्हनीसनज येत नही मी," कमलबाई म्हणाल्या. "त्यासनी इतला साल माले येक वाकडा शब्द बोलेल नही. मी येक पिक्चरकरता त्यासना मान मोडू का?"

मग हेमकांत सुरतेला चेतनाकडे गेला तेव्हा तिच्या शेजाऱ्याकडे त्याने प्रोजेक्टर पाहिला. भिंतभर माणसं! नाकावरचा तीळ सुपारीएवढा. त्याला वाटलं, झालं काम. एवढं मोठं चित्र कमान किती खाणार आणि कोट किती खाणार?

नंदुरबारहून तो एसटीनेच परतला. खोकं मांडीवर घेऊन ड्रायव्हरच्या जवळच्या सीटवर बसला. गाडीवर उदेसिंग होता, त्याचा जुना जोडीदार, धडगावकडचा.

"काय हेमकांतभाऊ, नातू आणला का मांडीवर?" उदेसिंगने विचारलं.

"हळू चालव. खड्डा दखीसन."

"जन्मभर तू लोकांची हाडं मोकळी केली, आता मला सांगतो का?"

पण उदेसिंगने प्रकाशा गावाजवळच्या तापीच्या पुलावरून गाडी अशी नेली की दुधाचं पातेलंही हिंदकळलं नसतं. मागचे प्रवासी ओरडत होते, शहाद्याची पुढची गाडी चुकेल म्हणून. दोघांनी ऐकलं नाही.

घरी आल्यावर खोकं उघडलं आणि हेमकांतला पहिल्यांदाच भिंती दिसल्या. इतके दिवस त्याने फक्त चित्राचा विचार केला होता, ते पडणार कशावर याचा नाही. बैठकीची पुढची भिंत म्हणजे दार आणि दोन खिडक्या. एका बाजूला लोखंडी कपाट आणि देवांच्या तसबिरी. तसबिरी हलवायच्या नाहीत. दुसऱ्या बाजूला आप्पांचा पलंग. आप्पांनाही हलवायचं नाही. राहिली चौथी. ती बैठक आणि स्वयंपाकघराच्या मधली, आणि तिच्यात भिंत कमी आणि मोकळी कमानच जास्त होती.

"त्यानावर कापड टांगी द्या," कमलबाईंनीच सुचवलं. त्यांनी आप्पांची दोन नवी पांढरी धोतरं मधोमध जोडून शिवून दिली, चारही बाजूंनी छान दुमड घालून. हेमकांतने स्टुलावर चढून पडदा ताणून बांधला. दिवसभर तो खुशीत शीळ घालत होता. आपण बायकोला पिक्चर दाखवायला मशीन आणलं आणि तिच्याच तोंडावर पडदा ओढला, हे ध्यानात यायला त्याला रात्रीचं जेवण उजाडलं. ताट पडद्याखालून सरकून बाहेर आलं, तेव्हा त्याने कपाळावर हात मारून घेतला.

पण तोवर गल्लीत बातमी गेली होती. रविवारी संध्याकाळी बैठक भरली. सर्वांत आधी शेजारचा मोतीलाल आला. केळीचा बागायतदार, हेमकांतचा लहानपणचा मित्र. पंख्याखालची खुर्ची त्याने अशी धरली की जणू तिचं तिकीट काढलं होतं. पाठोपाठ आणखी काही मंडळी. आप्पा पलंगावर लोडाला टेकून बसले. एक जुना मराठी पिक्चर लागला, घोडे, डाकू आणि एका न्यायाधीशाची गोष्ट. घोडे बैठकीत शिरतील असं वाटून एकाने पाय वर घेतले. सगळे खूश होते. फक्त घरमालकाचं लक्ष पडद्याखालच्या फटीकडे होतं.

मंडळींसाठी पाणी आणायचं निमित्त करून तो बाजूने पडदा उचलून आत गेला. स्वयंपाकघरात दिवा बंद होता. कमलबाई पाटावर पाय पसरून बसल्या होत्या आणि समोर अख्खं धोतरभर चित्र होतं! कापड पातळ होतं, उजेड आरपार येत होता.

"तुले दिसस?" हेमकांतने कुजबुजत विचारलं.

"दिसस ना. पुरं दिसस. दोन्ही बाजू दिसतस," कमलबाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "फक्त उलटं शे. समदा डाकू डावखुरा शेत."

"आरे देवा."

"उलटं तं उलटं. मानसे तं पुरी शेत." मग जरा थांबून म्हणाल्या, "नावे तेवढी वाचता उनी नहीत. सुरू सुरूमा येतस ना, ती. भलतीच तोंडे फिरायेल व्हती."

त्या हसत होत्या. हेमकांतलाही हसू आलं, पण तो बाहेर आला तो पाणी विसरूनच. जन्मभर आरशात बघून गाडी मागे घेतलेला माणूस. उलटं अक्षर वाचायला काय त्रास होतो, ते त्याला चांगलं ठाऊक होतं. आणि बाई म्हणते, मानसे तं पुरी शेत! एवढ्यावर समाधान मानणाऱ्या माणसाला अर्धवट काही द्यायची त्याला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याने सुरतेला फोन लावला. चेतना ऐकून पोट धरून हसली.

"पप्पा, त्यामा सेटिंग ऱ्हास," ती म्हणाली. "चित्र उलटं करता येस. मंग मम्मीकडथीन सरळ दिसी."

"आनि बैठकमातीन?"

"बैठकमातीन उलटं."

फोन ठेवून हेमकांत दारासमोरच्या ओट्यावर जाऊन बसला. बैठकीत आप्पा होते. घरातलं थोरलं माणूस. ऑपरेशननंतर त्यांना इतकं स्वच्छ दिसायला लागलं होतं की रोजचा पेपर पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचायचे. त्यांना उलटं दाखवायचं आणि बायकोला सुलटं, हे गावात कोणी केलं नव्हतं. वळण अवघड होतं, आणि पुढून काय येतंय ते दिसत नव्हतं.

पुढच्या रविवारी बैठक पुन्हा भरली. मोतीलाल पंख्याखाली, आप्पा पलंगावर. हेमकांतने रिमोट दाबला. संगीत सुरू झालं, नावं आली. बैठकीतल्या माना एकदम वाकड्या झाल्या.

"हेमकांत," मोतीलाल ओरडला, "बिघडनं रे तुन्हं मशीन! अक्षरे उलटी दिसी ऱ्हायनीत."

"बिघडेल नही," हेमकांत म्हणाला. "मीच उलटं करेल शे."

"कसाले?"

हेमकांतने आप्पांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर शब्द फुटले नसते.

"मांगे बी लोके बठेल शेत," तो म्हणाला.

बैठक चिडीचूप झाली. मागचे लोक म्हणजे कोण, हे सगळ्यांना कळलं होतं. वडिलांसमोर, चारचौघांत, बायकोच्या सोयीचं असं कोणी बोलत नसतं. आणि त्या शांततेत पडद्याच्या पलीकडून बारीक आवाज येऊ लागला. कमलबाई नावं वाचत होत्या. एकेक अक्षर लावून, तोंडातल्या तोंडात, शाळेतली पोर वाचते तसं. गीतकाराचं नाव वाचलं, वेशभूषेचं वाचलं. मग बाहेर कोणी बोलत नाही हे ध्यानात आलं असावं, कारण आवाज एकदम थांबला.

मोतीलाल आप्पांकडे वळला. "आप्पा," शेवटी तो म्हणाला, "तुम्ही तं रोज पेपर वाचतस. तुम्हीज सांगा. हाई असं चाली का?"

आप्पांनी लोडावरून पाठ सरळ केली. पडद्याकडे पाहिलं. उलटी अक्षरं वर सरकत होती. हेमकांतचा अंगठा रिमोटच्या बटणावर होता. एक शब्द आला असता तर त्याने बटण दाबलंच असतं, आणि मग पुन्हा कधी हिंमत केली नसती.

"चालू दे," आप्पा म्हणाले.

पिक्चर चालू राहिला. पण मंडळींचं मन लागेना. पडद्यावर पत्र आलं तर वाचता येत नव्हतं, गाडीचा नंबर कळत नव्हता, आणि उलटं बघायचं तर कोणाच्या पायी, ही बोच वेगळीच. एकाला मधूनच जांभई आली, एकाला फोन आला. मोतीलालने बराच दम धरला, पण अखेर तोही उठला. "मोटर चालू कराले जानं शे, लाइट उनी व्हई," असं म्हणाला आणि चपला शोधत निघून गेला. रागावला नव्हता तो, पण आपण इथे पाहुणे नसून आड आलो आहोत, असं त्याला वाटलं असावं. बाहेर पडताना त्याने दार हळूच लोटून घेतलं.

बैठकीत दोघेच उरले. पलंगावर आप्पा आणि मशीनजवळ हेमकांत. पडद्यावर कोणीतरी म्हातारी आपल्या हरवलेल्या मुलाला शोधत गावोगाव फिरत होती. आत्ता आप्पा म्हणतील, पुरे झालं, बंद कर. हेमकांत त्याचीच वाट बघत होता. ते म्हणाले तर ऐकायचं, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं. एक पिक्चर सरळ दाखवला, तेवढं तरी झालं.

"कमल," आप्पा म्हणाले.

हेमकांत दचकला. हे नाव आप्पांना ठाऊक असणारच. रेशन कार्डावर होतं, लग्नाच्या पत्रिकेवर होतं. पण त्यांच्या तोंडून ते त्याने कधी ऐकलं नव्हतं. आप्पांनी ते भिंतीकडे बघून म्हटलं नव्हतं. पडद्याकडे बघून म्हटलं होतं.

"दिसस का व माय, बरोबर?"

पडद्यावरची म्हातारी एका दारातून दुसऱ्या दारात गेली. आप्पा विचारी ऱ्हायनात, असा निरोप आत द्यायला हेमकांतने सवयीने तोंड उघडलं. तेवढ्यात आतून उत्तर आलं.

"दिसस, आप्पा."

आवाज हळू होता, पण स्पष्ट होता. मग जरा वेळाने, धीर करून, तोच आवाज पुन्हा आला.

"तुमले?"

"माले उलटं दिसस," आप्पा म्हणाले. "ऱ्हाऊ दे. तू दख."

हेमकांतला भरून आलं. डोळे पुसायलाही हात उचलला नाही त्याने, नाहीतर आप्पांना कळलं असतं. आप्पांनी उशीखालून चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने दोन्ही काचा पुसल्या, डोळ्यांवर चढवला आणि तो उलटा पिक्चर ते शेवटपर्यंत बघत बसले.